डोळ्यांना न दिसणारे स्विच : बिघडतात कुठे, टिकवायचे कसे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, त्यामुळे स्टार्टरचे जळके पॉइंट मी शाळेत जायला लागण्याआधीपासून पाहत आलो. पुढे एम.टेक.ला विषय मिळाला सूक्ष्म स्विचचा. दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली डोकं घालून बसलो, आणि तिथेही दिसले ते खराब झालेले पॉइंटच. आता तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आजूबाजूच्या गावांत बोलायला जातो. तिथे विद्यार्थी, शेतकरी आणि वायरमन मंडळी जे विचारतात, ते उत्तरांसह इथे लिहून ठेवलं आहे. काही प्रश्न ज्या बोलीत आले त्याच बोलीत राहू दिले आहेत.

डोयानं दिसत नाही त्याले स्विच कायले म्हणता, सर?

कारण तो खरोखर उघडतो आणि बंद होतो. ट्रान्झिस्टरलाही स्विच म्हणतात, पण त्यात काही हलत नाही. या स्विचमध्ये धातूची किंवा सिलिकॉनची एक बारीक पट्टी असते. तिचं एक टोक चिपला पक्कं असतं आणि दुसरं हवेत अधांतरी. पट्टी खाली वाकली की तिच्या टोकाचा पॉइंट खालच्या पॉइंटला टेकतो आणि प्रवाह सुरू होतो.

आकाराचा अंदाज घ्यायचा तर सरकीवरचा कापसाचा एक तंतू घ्या. तो साधारण १२ ते २० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या स्विचच्या दोन पॉइंटमधली फट १ ते ३ मायक्रॉन असते, म्हणजे कापसाचा तंतूसुद्धा तिच्यात शिरणार नाही. पट्टीची लांबी १०० ते २०० मायक्रॉन, साधारण एक-दोन केसांच्या जाडीएवढी. या तंत्राला मेम्स (मायक्रो-इलेक्ट्रो-मेकॅनिकल सिस्टिम्स) म्हणतात, त्यामुळे पुढे मी ‘मेम्स स्विच’ असंच लिहिणार आहे.

ट्रान्झिस्टर इतका स्वस्त असताना हा खटाटोप कशासाठी?

ट्रान्झिस्टर बंद केला तरी त्यातून थोडा प्रवाह झिरपत राहतो, बंद कॉक ठिबकावा तसा. मेम्स स्विच उघडला की दोन पॉइंटांमध्ये फक्त हवा किंवा नायट्रोजन उरतो आणि झिरपणं जवळजवळ शून्यावर येतं. चालू असताना धातूला धातू भिडलेला असतो, त्यामुळे रेडिओ लहरींचा संदेश फारसा न क्षीण होता, न विकृत होता पलीकडे जातो. मोबाइलचे अँटेना, रडार, उपग्रह, चिप तपासणारी यंत्रं या सगळ्यांना असाच स्विच हवा असतो. साध्या रिलेतही हे गुण असतात, पण रिले मोठा आणि मंद. त्याला हलायला काही मिलिसेकंद लागतात, मेम्स स्विचचं काम काही मायक्रोसेकंदांत होतं.

मग हे सगळीकडे का दिसत नाहीत? शोध नवा आहे का?

शोध जुना आहे. वेस्टिंगहाउसमध्ये हार्वे नॅथन्सन आणि सहकाऱ्यांनी विजेच्या ओढीने हलणाऱ्या धातूच्या पट्टीचा ट्रान्झिस्टर १९६७ मध्ये मांडला. आयबीएमच्या कर्ट पीटरसन यांनी सिलिकॉनवरच्या सूक्ष्म स्विचचं काम १९७९ मध्ये छापलं. तरीही अ‍ॅनालॉग डिव्हायसेससारख्या मोठ्या कंपनीचे असे स्विच साध्या चिपसारखे बाजारात यायला २०१६ उजाडलं.

मधली जवळपास चाळीस वर्षं कुठे गेली, हाच माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे. पट्टी वाकवणं लवकर जमलं. पट्टी सहसा मोडतही नाही, अब्जावधी वेळा वाकूनही ती ठणठणीत राहू शकते. बिघडतो तो पॉइंट. जिथे धातू धातूला टेकतो ती काही नॅनोमीटरची (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) जागा सांभाळायला माणसाला इतकी वर्षं लागली, आणि ते काम अजून पुरतं झालेलं नाही.

पट्टी वाकते कशी? आत कॉइल असते का?

बहुतेक मेम्स स्विचमध्ये कॉइल नसते. पट्टीच्या खाली एक चपटा इलेक्ट्रोड असतो. त्याच्यात आणि पट्टीत व्होल्टेज दिलं की दोघं एकमेकांना ओढतात. घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तीच ही ओढ.

यात एक गंमतीची गोष्ट आहे. व्होल्टेज हळूहळू वाढवलं तर पट्टी आधी हळूहळू खाली येते. फटीचा एक तृतीयांश भाग उतरली की मात्र तोल सुटतो आणि ती एकदम झपकन खाली आदळते. कारण फट कमी होईल तशी ओढ फार वेगाने वाढते आणि पट्टीची ताठरता तिला पुरी पडत नाही. याला आम्ही ‘पुल-इन’ म्हणतो. हा आदळण्याचा क्षण पॉइंटच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण असतो. त्याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे.

८० व्होल्ट लागतात असं वाचलं. व्होल्टेज कमी का करत नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, विशेषतः इंजिनिअरिंगच्या मुलांकडून. त्यांच्या प्रोजेक्टचं नावच बहुधा ‘कमी व्होल्टेजचा मेम्स स्विच’ असतं.

व्होल्टेज कमी करायचे दोन रस्ते आहेत. पहिला, फट कमी करा. पुल-इनचं व्होल्टेज फटीच्या दीड घाताच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे फट अर्धी केली तर व्होल्टेज सुमारे २.८ पटींनी उतरतं. दुसरा, पट्टी मऊ करा. ताठरता एक चतुर्थांश केली तर व्होल्टेज निम्म्यावर येतं. कागदावर दोन्ही रस्ते सोपे दिसतात.

आता उलट बाजूने पाहा. व्होल्टेज काढल्यावर पट्टीला वर कोण नेतं? तिची ताठरताच. खाली चिकटलेला पॉइंट सोडवायला पट्टीकडे स्वतःच्या ताणाशिवाय दुसरं काही नाही. पट्टी मऊ केली की स्विच लागतो सहज, पण सुटत नाही. फट कमी केली तर पट्टी कमी वाकते, म्हणजे पुन्हा सोडवणारा जोर कमीच. विळ्याने कापायला सोपं जावं म्हणून पातं इतकं पातळ करायचं की ते धांड्यातच अडकून वाकावं, असा तो प्रकार.

माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या कमी व्होल्टेजच्या मागे लागणं ही या क्षेत्रातली चूक होती आणि अनेक प्रोजेक्ट अजून ती करतात. टिकणारे स्विच ज्यांनी बनवले त्यांनी ताठ पट्टी घेतली, जास्त व्होल्टेज मान्य केलं आणि ते तयार करणारी छोटी चिप शेजारीच बसवली. ३.३ व्होल्ट द्या, आतल्या आत ते ८० च्या घरात वाढवलं जातं. वापरणाऱ्याला फरक पडत नाही आणि पॉइंट सुटायला पुरेसा जोर मिळतो.

चिकटून रायते म्हंजे नेमकं काय होते?

दोन वेगळ्या वेळी चिकटतं, आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत.

पहिली वेळ बनवतानाची. पट्टीखाली आधी एक थर असतो, तो रसायनाने विरघळवून काढला की पट्टी मोकळी होते. मग धुवायचं आणि वाळवायचं. वाळताना पट्टीखालचा पाण्याचा थेंब आटतो आणि आटता आटता पट्टीला खाली ओढतो. ओल्या काचेवर दुसरी काच ठेवली तर ती उचलत नाही, तसंच. हा अनुभव माझा स्वतःचा आहे. जुलै महिना होता, बाहेर झड लागलेली, आणि घाईत मी एक अख्खी वेफर, म्हणजे जिच्यावर अनेक चिप एकदम बनतात ती सिलिकॉनची चकती, साध्या हॉट प्लेटवर वाळवली. सूक्ष्मदर्शकाखाली पट्ट्यांखालच्या जमिनीवर, म्हणजे चिपच्या पृष्ठभागावर, फोकस जुळवला. मोकळ्या पट्टीचं टोक अशा वेळी थोडं धूसर दिसतं, कारण ते वेगळ्या उंचीवर असतं. माझ्या लांब पट्ट्यांची टोकं खालच्या जमिनीबरोबर एकाच फोकसमध्ये स्वच्छ दिसत होती, म्हणजे सगळ्या झोपल्या होत्या. आखूड, ताठ पट्ट्या तेवढ्या उभ्या राहिल्या. तीन आठवड्यांचं काम गेलं.

त्यावर उपाय असा. पाण्याच्या जागी आधी अल्कोहोल आणि मग द्रव कार्बन डायऑक्साइड भरायचा. त्याला सुमारे ३१ अंश आणि ७३ वातावरणांच्या वर न्यायचं. तिथे द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसली जाते. थेंबाला पृष्ठभाग उरत नाही, त्यामुळे ओढही उरत नाही. मग दाब सोडला की पट्ट्या मोकळ्या राहतात. पुढच्या वेळी मी तेच केलं.

दुसरी वेळ वापरतानाची. स्वच्छ सोन्याचे दोन पॉइंट दाबून टेकवले की टेकलेल्या जागी दोघांचे अणू एकमेकांना धरतात, वेल्डिंग न करताच सांधा बसतो. सोडवताना सोनं तुटतं ते मूळ सांध्यावरच तुटेल असं नाही. एका पॉइंटवर टेंगूळ येतं, समोरच्यावर खड्डा पडतो. जुन्या मोटारसायकलचा सीबी पॉइंट उघडून पाहिला असेल तर त्यावर हेच चित्र असतं, एकीकडे खड्डा आणि एकीकडे टेकडी. डीसी प्रवाह सतत एकाच दिशेने जातो म्हणून धातूही एकाच दिशेने वाहत जातो. हजार पट लहान स्विचमध्ये तेच चित्र पहिल्यांदा दिसलं तेव्हा मला वडिलांच्या दुकानातला जळक्या पॉइंटांचा डबा आठवला.

पॉइंट एकमेकांना किती दाबतात?

फार कमी. १०० मायक्रोन्यूटन हा चांगला दाब समजतात. म्हणजे सुमारे १० मिलिग्रॅमचं वजन, ज्वारीच्या दाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं.

शिवाय डोळ्यांना गुळगुळीत वाटणारा पॉइंट खरं तर नांगरलेल्या शेतासारखा उंचसखल असतो. दोन पॉइंट टेकतात ते काही मोजक्या ढेकळांच्या माथ्यांवर. सगळा प्रवाह त्या माथ्यांतून जातो, आणि माथा किती तापेल हे पॉइंटच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्ट पडतात यावर ठरतं. सोन्याचा माथा सुमारे ०.०८ व्होल्टला नरम पडू लागतो आणि ०.४३ व्होल्टला वितळतो. टेकलेल्या जागेचा रोध १ ओहम धरला तर ०.४३ अँपिअरलाच सोनं वितळतं. म्हणून पॉइंटचा रोध कमी ठेवणं हे फक्त कामगिरीचं माप नाही, स्विच किती दिवस जगेल तेही त्यावरच ठरतं.

सोनंच का वापरतात? कठीण धातू घ्यायचा ना.

सोनं गंजत नाही आणि मऊ असल्याने थोड्या दाबातही बऱ्यापैकी पसरून टेकतं, रोध कमी येतो. पण मऊ असल्यानेच चिकटतं आणि झिजतं. कठीण धातू घेतला, रुथेनियम किंवा प्लॅटिनम, तर चिकटणं कमी होतं, पण रोध वाढतो आणि एक नवं दुखणं मागे लागतं.

त्या दुखण्याची गोष्ट जुनी आहे. टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेत पॅलेडियमचे पॉइंट असत. त्यांच्यावर तपकिरी भुकटी साचून संभाषण तुटायचं. १९५८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या हर्मन्स आणि ईगन यांनी तिचं कारण दाखवलं. हवेतल्या सेंद्रिय वाफा, म्हणजे प्लास्टिक, वार्निश, तेल यांतून सुटणारा अंश, पॉइंटवर बसतो. प्लॅटिनमच्या गटातले धातू (पॅलेडियम, रुथेनियमही त्यातच) रासायनिक क्रियेला चालना देतात. वर घासण्याची भर पडली की त्या वाफांचं पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकसारखा चिवट थर, होऊन बसतं. मेम्स स्विचमध्ये दाब इतका कमी की असा काही नॅनोमीटरचा थरसुद्धा फोडता येत नाही. पट्टी खाली येते, पॉइंट टेकतात, पण प्रवाह नाही.

म्हणून आज मधला मार्ग काढतात. सोन्यात थोडं निकेल मिसळून ते कडक करतात, एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला रुथेनियम ठेवतात, किंवा रुथेनियमवर त्याचाच ऑक्साइड चढवतात. बहुतेक ऑक्साइड वीज अडवतात, पण रुथेनियमचा ऑक्साइड वीज वाहून नेतो आणि त्याच्यावर पॉलिमरही कमी साचतं. मला विचाराल तर या सगळ्या धडपडीतला हा सर्वांत सुंदर उपाय आहे.

चालू लोडवर स्विच उघडला तर?

स्टार्टरचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. रात्री लाइन आली, मोटार सुरू झाली आणि व्होल्टेज कमी असल्यामुळे कॉन्टॅक्टर थरथरत राहिला, तर एका रात्रीत पॉइंट काळे होतात. दर थरथरीला प्रवाह तुटतो आणि जुळतो, दर वेळी ठिणगी.

मेम्स स्विच पुल-इनने आदळतो, तेव्हा तोही अनेकदा उसळी घेतो. एकदा लावला म्हणजे एकदाच टेकला असं नाही. त्यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय व्होल्टेज देण्याच्या पद्धतीत. आधी जोर द्यायचा, पट्टी निघाली की टेकण्याच्या जरा आधी जोर उतरवायचा, आणि टेकल्यावर पुन्हा चढवायचा. गोठ्याचं जड फाटक नुसतं ढकललं तर तीनदा आपटतं. शेवटी हात लावून टेकवलं तर आवाजही होत नाही. दुसरा उपाय सर्किटमध्ये. स्विच लावताना आणि उघडताना त्यातून प्रवाह नसेल अशी योजना करायची, त्याला कोल्ड स्विचिंग म्हणतात. आधी स्विच लावा, मग प्रवाह सोडा. आधी प्रवाह थांबवा, मग स्विच उघडा. एवढी शिस्त पाळली तर तोच स्विच कितीतरी जास्त टिकतो. कंपनीच्या डेटाशीटमध्ये आयुष्याचा आकडा वाचताना तो कोल्ड स्विचिंगचा आहे की चालू लोडवरचा, हे आधी पाहा.

ज्यात पॉइंट टेकतच नाहीत, असाही मेम्स स्विच असतो ना?

असतो. त्यात पट्टी आणि खालची संदेशाची वाट यांच्यामध्ये सिलिकॉन नायट्राइडसारखा इन्सुलेटरचा पातळ थर असतो. पट्टी आणि वाट मिळून एक कपॅसिटर (विद्युत भार साठवणारी जोडी) बनतो, पट्टी खाली आली की त्याची क्षमता वाढते आणि उच्च वारंवारतेच्या लहरींचा रस्ता बदलतो. इथे पॉइंट झिजत नाही, पण थरात विद्युत भार अडकून बसतो. ०.२ मायक्रॉनच्या थरावर ३० व्होल्ट म्हणजे दर मीटरला १५ कोटी व्होल्टचा ताण. अडकलेला भार पट्टीला धरून ठेवतो आणि व्होल्टेज काढलं तरी ती वर येत नाही. अशा स्विचच्या चाचण्यांत दिसलं आहे की व्होल्टेज सुमारे ५ ते ७ व्होल्टने उतरवलं तर आयुष्य दहा पटींनी वाढतं. दर खेपेला व्होल्टेजची दिशा उलटी करणं आणि थराची टेकणारी जागा कमी ठेवणं हेही उपाय करतात.

आपल्या मे महिन्यात हे टिकन का? अन् धूळ?

धुळीची काळजी नको. स्विच वेफरवरच काचेच्या किंवा सिलिकॉनच्या झाकणाखाली सीलबंद केलेला असतो आणि आत बहुधा कोरडा नायट्रोजन असतो. हे सील नसतं तर आपल्या आषाढ-श्रावणातल्या दमटपणातच पट्टी चिकटली असती. सील करताना वापरलेला गोंद आतल्या आत वाफा सोडत राहिला, तर वर सांगितलेलं पॉलिमरचं दुखणं आत कोंडलं जातं. म्हणून गोंदाऐवजी काच किंवा धातू वितळवून सील करणं चांगलं.

उष्णतेचा विचार मात्र करावा लागतो. चंद्रपूर-अकोल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो आणि टॉवरवरच्या बंद पेटीत त्याहून बराच जास्त. गोंदियाला डिसेंबरच्या पहाटे तो दहाच्याही खाली येतो. सोनं सिलिकॉनपेक्षा पाच पटींहून जास्त प्रसरण पावतं. २०० मायक्रॉनची सोन्याची पट्टी ५० अंशांनी तापली तर सिलिकॉनपेक्षा सुमारे ०.११ मायक्रॉन जास्त वाढते. एक टोक मोकळं असेल तर हे चालून जातं. दोन्ही टोकं बांधलेली असली तर वाढायला जागा नसते, पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि फटच बदलते. उन्हात रुळाला बाक यावा तसं. म्हणून एका टोकाला मोकळी पट्टी किंवा टोकांना घडीच्या स्प्रिंगा, ही रचना आपल्या हवामानाला बरी.

ट्रॅक्टरवर बसवला तर हादऱ्याने आपोआप लागेल का?

नाही. पट्टीचं वजन मायक्रोग्रॅममध्ये असतं, हादऱ्याला ओढायला तिथे काही नसतं. कोरड्या थंडीत अंगावर साचणाऱ्या स्थिर विजेचीच भीती जास्त. चिप हाताळताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा.

१ अब्ज वेळा चालतो म्हणतात, ते मोजलं कसं?

सेकंदाला एकदा लावला तर १ अब्ज व्हायला जवळपास ३२ वर्षं लागतील. प्रयोगशाळेत सेकंदाला हजार वेळा लावतात, म्हणजे साडेअकरा दिवसांत मोजणी पूर्ण होते. या आकड्यावर मी मुलांना एकच गोष्ट सांगतो. सतत उघडझाप करणं ही एक परीक्षा आहे आणि महिनोन्‌महिने लावून ठेवून मग एकदाच उघडणं ही दुसरी. लावून ठेवलेल्या पट्टीचं सोनं ताणाखाली हळूहळू सैलावतं, पॉइंट एकमेकांत रुतत जातात. अब्जाची परीक्षा पास झालेला स्विच या दुसऱ्या परीक्षेत नापास होऊ शकतो. तुमच्या कामात स्विच बराच काळ लागलेला राहणार असेल, तर त्या दुसऱ्या परीक्षेचा आकडा मागा.

माझा ५ एचपीचा पंप यावर चालेल का?

एका स्विचवर नाही. ५ एचपीची थ्री-फेज मोटार दर फेजला सात अँपिअरच्या आसपास घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. एक मेम्स स्विच अँपिअरचा काही भागच सोसतो. शेकडो स्विच शेजारी लावता येतात, पण मग सगळ्यांनी एकाच क्षणी टेकायला हवं. जो आधी टेकतो त्याच्यावर सगळा भार येतो.

गावातून शिकून या क्षेत्रात जाता येतं का?

येतं. बारावीला भौतिकशास्त्र पक्कं करा. इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल, धातुशास्त्र, भौतिकशास्त्र, कोणत्याही वाटेने पोचता येतं. क्लीनरूम, म्हणजे चिप बनवायची धूळमुक्त खोली, आपल्या कॉलेजात नसली म्हणून अडत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली आणि आयआयटी मुंबईतली नॅनो प्रयोगशाळा बाहेरच्या विद्यार्थ्यांना वापरू देण्यासाठी केंद्र सरकारचा इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम आहे. पिलानीच्या सीरी या केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स संशोधन संस्थेत मेम्स स्विचवर काम झालेलं आहे.

स्टार्टरच्या काळ्या पॉइंटला झिरो पेपर मारावा का?

प्रश्न मेम्सचा नाही, पण प्रत्येक गावात येतोच. नुसता काळपटपणा असेल तर मारू नका. पॉइंट चांदीच्या मिश्रधातूचा असतो आणि चांदीवरचा तो काळा थर बहुधा प्रवाहाला फारसा अडवत नाही. घासून तुम्ही चांदीच कमी करता, शिवाय पेपरचे कण पॉइंटमध्ये रुततात. चांदी संपून खालचा तांब्या-पितळेचा भाग दिसायला लागला तर पूर्ण किट बदला. हे सगळं मेन स्विच पाडून, लाइन नाही याची टेस्टरने खात्री करूनच.

घरी काही करून पाहता येईल का?

येईल, पण हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी. स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची बोटाएवढी रुंद आणि वीतभर लांब पट्टी कापा, वरचं टोक चिमटीत धरून लोंबकळू द्या. प्लास्टिकची पट्टी लोकरीच्या स्वेटरवर जोरात घासा आणि बाजूने अगदी सावकाश फॉइलजवळ आणा. फॉइल आधी थोडी कलते. आणखी थोडं जवळ नेलं की एका विशिष्ट अंतरावर ती एकदम उडी मारून प्लास्टिकला चिकटते. ते अंतर तुम्हाला मध्येच कुठे थांबवता येतं का पाहा. मुलं पाच-दहा वेळा प्रयत्न करतात आणि कुणालाच जमत नाही. तोच पुल-इन. मग चिकटलेल्या फॉइलची दोन पदरी घडी घालून प्रयोग पुन्हा करा. उडी मारायला आता जास्त जवळ जावं लागतं, पण ओढून घेतली की ती सुटते मात्र लवकर.